रबर अजून आलं नाही

मी आयुष्यभर दात केले. म्हणजे कवळ्या. दंतवैद्य तोंडाचं माप घ्यायचा, ठसा माझ्याकडे पाठवायचा आणि मी त्यावरून कवळी बनवून परत पाठवायचो. चौतीस वर्षांत किती माणसं माझ्या दातांनी जेवली याची गणती नाही, पण त्यांतला एकही चेहरा मी पाहिला नव्हता. लोकांना हे विचित्र वाटतं. मला ते सोयीचं होतं. प्लास्टरचे जबडे उलट बोलत नाहीत.

मग दंतवैद्याने दात कोरणारं यंत्र घेतलं आणि माझं काम सुटलं. वय एकसष्ट. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यात कोणाचीच चूक नव्हती असं आम्ही दोघंही लोकांना सांगतो. चूक माझी होती. थोरली बहीण माझ्यासोबत राहायची, ती जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तळमजल्यावर माझी शटरची कामाची खोली आणि वर राहायची जागा. काम नसलं तरी मी रोज सकाळी खाली येऊन शटर अर्धं वर करून बसायचो. कोणाची वाट पाहत होतो असं नाही, पण घरात बसून तरी काय करणार?

अशाच एका सकाळी एक म्हाताऱ्या बाई शटरखालून वाकून सरळ आत आल्या. बारीक अंगाच्या, केस बारीक कापलेले, चेहऱ्यावर मी काहीतरी चुकवलंय असा भाव. पर्समधून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, हे तुमचंच काम ना? खाली डाव्या बाजूला टोचत होतं. दंतवैद्याने हात झटकले होते आणि माझा पत्ता दिला होता. मी उंचवटा दाखवणारा रंगीत कागद लावून टोचणारी जागा शोधली, जरा घासलं, पाच मिनिटांत कवळी परत दिली. त्यांनी पाठ फिरवून ती बसवली, पर्समधलं एक बिस्किट काढलं आणि तिथेच उभ्या उभ्या चावून पाहिलं. मी केलेले दात खाताना मी पहिल्यांदा पाहत होतो. बघतच राहिलो.

गणिताच्या शिक्षिका होत्या, रिटायर होऊन वीस वर्षं झालेली. लग्न केलं नव्हतं. फळीवरच्या जबड्यांवरून नजर फिरवत त्या म्हणाल्या, हात चांगला आहे तुमचा, याहून मोठं काही केलंय का कधी? मी नाही म्हणालो. त्यावर त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे एक गाडी आहे.

दुसऱ्या दिवशी मी ती बघायला गेलो. त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती आणि तिच्यात, जुन्या सतरंज्या, सायकलचे सांगाडे आणि कोणाच्या तरी उरलेल्या फरशा यांच्याखाली, ब्रिटिश बनावटीची दोन सीटची गाडी होती. उघड्या टपाची. म्हणजे टप असं काही उरलं नव्हतं, लोखंडी कमानींवर चिंध्या लोंबत होत्या. सीटमध्ये उंदरांच्या कित्येक पिढ्या सुखाने नांदून गेल्या होत्या. पाय ठेवायच्या जागी पत्रा इतका गंजला होता की खालची जमीन आणि तिच्यावरची एक मुंगी स्पष्ट दिसत होती. रंग एके काळी हिरवा असावा. मी बॉनेटवरची धूळ कोपराने पुसली तेव्हा बाईंनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतःच्या पदराने पुसली.

ही गाडी त्यांनी पंचविशीत घेतली होती, सेकंडहँड, पगार साठवून. रोज शाळेत टप उघडा टाकून जायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून सांगितलं की हे शिक्षिकेला शोभत नाही. बाईंनी विचारलं, नेमकं काय शोभत नाही, गाडी की टप? मग सतरा वर्षांपूर्वी शेवटचा चांगला मेकॅनिक वारला, नवीन लोक बॉनेट उघडून डोकं खाजवायला लागले, आणि गाडी शेडमध्ये गेली.

किंमत त्यांनी अशी सांगितली की घासाघीस करायला मलाच लाज वाटली. पण एक अट होती. गाडी तयार झाली की एकदा त्या ती चालवणार. शेजारी बसणार नाहीत, चालवणार. त्यांचं लायसन्स ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत होतं, एकोणीस ऑक्टोबर, अजून जवळजवळ तीन वर्षं. त्यापुढे डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला लागणार होता आणि तो मिळणार नाही, असं डॉक्टरने आधीच तोंडावर सांगून टाकलं होतं. विनालायसन्स बाई गाडीला हात लावणार नव्हत्या. त्या म्हणाल्या, मी आयुष्यात कोणाला कॉपी करू दिली नाही, आता स्वतः करणार नाही. मी हो म्हणालो. तीन वर्षं म्हणजे मला चिक्कार वाटली.

गाडी टेम्पोवरून माझ्याकडे आली आणि शटरच्या खोलीत जेमतेम मावली. चारी बाजूंनी मी आडवा होऊन जाऊ शकेन एवढीच जागा उरली. माझं टेबल भिंतीला, जबडे वरच्या फळीवर. गाड्यांतलं मला काहीही कळत नव्हतं, पण गंज म्हणजे शेवटी कीडच. कीड लागलेला भाग कुठपर्यंत कापायचा आणि चांगला कुठून सुरू होतो, हे चौतीस वर्षांत हाताला कळलेलं होतं. वेल्डिंग एका वेल्डरकडून शिकलो. त्याने पहिल्या दिवशी माझं काम पाहून विचारलं की काका, तुम्ही हे जोडताय की शिवताय? डॅशबोर्डवरची हरवलेली बटणं मी कवळीच्या प्लास्टिकमधून ओतली. स्टिअरिंगला गेलेल्या भेगाही त्यानेच भरल्या. ते प्लास्टिक हिरड्यांच्या रंगाचं, गुलाबी असतं, त्यामुळे वरून काळा रंग देईपर्यंत आठवडाभर ते स्टिअरिंग मला हसत होतं.

बाई दर रविवारी सकाळी साडेदहाला फोन करायच्या. पहिल्या रविवारी मी दचकलो, माझा फोन वाजतो हे मी विसरलोच होतो. कुठपर्यंत आलं, एवढं विचारायच्या आणि मग पूर्ण हिशेब घ्यायच्या, कोणता नट निघाला, कोणता अडकला, अडकला तर काय लावून पाहिलं. मी शनिवारी संध्याकाळी वहीत मुद्दे काढून ठेवायला लागलो, शाळेत कधी केला नव्हता एवढा अभ्यास. अर्धा तास बोलून झालं की त्या "ठीक आहे, ठेवते" म्हणायच्या आणि ठेवायच्या. माझा आठवडा तिथून सुरू व्हायचा.

पहिल्या वर्षीच मी घोळ घातला. बॅटरी आणली, जगातल्या सगळ्या गाड्यांना जोडतात तशी, ऋण टोक बॉडीला, जोडली. डॅशबोर्डच्या मागून धूर आला आणि बाईंचा जुना रेडिओ जळून गेला. रविवारी भीत भीत सांगितलं. मग बाई म्हणाल्या, या गाडीत उलटं असतं, धन टोक बॉडीला, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला ते लिहिलेलं आहे. मी टॉर्च घेऊन गेलो, चाळीस-पन्नास वर्षांची काजळी पुसली. खरंच, पांढऱ्या रंगात, फळ्यावरच्या अक्षरात होतं, 'धन टोक बॉडीला. विसरू नये.' परत फोनशी येऊन मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, लिहिलेलं वाचायचं असतं. आणि हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. रेडिओबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

मी सावकाश काम करतो हे खरं. कवळी दोनदा मेणात बसवून पाहिल्याशिवाय मी कधी पक्की केली नाही, आणि गाडीचंही तसंच. टप शिवायला दिला, तो एका कोपऱ्यात बोटभर सैल निघाला, उसवायला लावला. हिरव्या रंगाचे अकरा नमुने केले आणि बाईंनी अकराही नाकारले. बारावा त्यांच्याकडे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो खिडकीत धरला, मग अंगणात नेला, आणि हा, म्हणाल्या. चहाही दिला. तोपर्यंत सगळं ठीक होतं. तोपर्यंत मी कोणाचंही काही चोरलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये एकच गोष्ट उरली, क्लचच्या सिलिंडरमधलं रबर. बोटाच्या पेराएवढी वाटी असते. ती जुनी झाली की तेल गळतं, पेडल खाली पडून राहतं आणि गिअर पडत नाही. असं रबर इथे मिळत नव्हतं, बाहेरच्या देशातून मागवलं होतं, आणि दोन रविवार बाईंना मी तेच सांगत होतो की रबर अजून आलं नाही. गुरुवारी पार्सल आलं. शुक्रवारी बसवलं. शनिवारी सकाळी शटर पूर्ण वर केलं, गाडी सुरू केली, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. काही गळलं नाही, काही खडखडलं नाही. मी तिच्याभोवती आडवा होऊन दोन चकरा मारल्या. एवढं पूर्ण काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं आणि ते दाखवायला घरात कोणी नव्हतं.

रविवारी साडेदहाला फोन वाजला. बाईंनी विचारलं, आलं का रबर? हो म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पुढचं सगळं मला दिसलं. त्या उद्या येतील, गाडी चालवतील, खूश होतील, आभार मानतील. आणि त्याच्या पुढच्या रविवारी साडेदहाला काय होईल? कोणता नट राहिला असेल विचारायला? मी म्हणालो, "नाही. अजून आलं नाही."

बस, एवढंच. एका आठवड्यापुरतं खोटं होतं. पुढच्या रविवारी दुसरं खोटं बोलावं लागलं नाही, तेच पुन्हा चाललं. परदेशातून येणाऱ्या पार्टची वाट बघणं हे या धंद्यात इतकं नेहमीचं आहे की कोणाला शंकाही येत नाही. पार्सल बोटीने येतंय म्हणालो. मग बोट अडकली म्हणालो. आमचं बोलणं आता गाडीवरून इतरत्रही जायला लागलं होतं. त्यांच्या खिडकीतल्या कुंडीबद्दल, त्यांच्या एका विद्यार्थ्याबद्दल जो भूमितीत नापास झाला आणि आता मोठमोठे पूल बांधतो, माझ्या बहिणीबद्दल. इतकी वर्षं मी बहिणीबद्दल कोणाशी बोललो नव्हतो. ठेवते म्हणायला त्यांना कधी कधी तास लागायचा. ऑक्टोबर लांब आहे, असं मी स्वतःला बजावायचो. सप्टेंबरात सांगू.

मधल्या काळात गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून मी ती आठवड्यातून दोनदा पहाटे बाहेर काढायचो. गोदामांच्या मागच्या रस्त्याने, टप उघडा टाकून, लोक उठायच्या आत जाऊन परत. गाडी सुंदर चालायची. मला मजा आली असं मात्र म्हणता येणार नाही. शेजारच्या रिकाम्या सीटवर मी पाण्याची बाटली ठेवायचो आणि ती प्रत्येक वळणावर गडगडायची.

जूनमध्ये एका रविवारी फोन आला नाही. मी दीडपर्यंत फोनशेजारी बसलो. मनात आलं ते सांगतो, लाज वाटली तरी. बाईंना काही झालं असेल हे मनात आलं नाही, त्यांना कळलं असेल हे आलं. फोन करून विचारावं हेही सुचलं नाही. नंबर वहीच्या पहिल्या पानावर होता, पण तो मी कधी फिरवलाच नव्हता. फोन बाईंनी करायचा, अशीच रीत पडून गेली होती. पुढच्या रविवारी साडेदहाला वाजला. बाथरूममध्ये पाय घसरला होता, डावा गुडघा. तीन आठवडे पाय हलवायचा नाही असं सांगितलं होतं. मला एवढं हायसं वाटलं की मी म्हणालो, "बरं झालं, तोवर रबर येईल."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. बाई म्हणाल्या, "हो, तेही आहेच."

ऑगस्टमध्ये त्यांनी काठी घेतल्याचं सांगितलं, मी टायरमधल्या हवेबद्दल बोललो. सप्टेंबर आला. मी सांगणार होतो. सप्टेंबरातल्या चारही रविवारी सांगणार होतो. शेवटच्या रविवारी त्यांनी विचारलं, आता नेमके किती दिवस लागतील? मी म्हणालो, बोटीचं काही सांगता येत नाही. "मग मीच काहीतरी बघते," असं त्या म्हणाल्या. बाई काय बघणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

सोळा ऑक्टोबर, गुरुवार. त्या दिवशी जरा उशिराच चक्कर मारून नुकताच आलो होतो आणि ओल्या फडक्याने चाकाच्या तारा पुसत होतो. बाहेर टॅक्सी थांबली. काठीचा आवाज आला. शटर अर्धं वर होतं, पण त्या खालून वाकल्या नाहीत. त्यांनी काठीने शटर दोनदा ठोकलं आणि मी ते पूर्ण वर केलं.

त्यांच्या हातात औषधाच्या डबीएवढी पुठ्ठ्याची डबी होती. चेहरा एखाद्या पोरीने पहिला नंबर काढल्यासारखा फुललेला. टॅक्सीतून उतरून आल्यामुळे दम लागला होता, त्यातच सांगायला लागल्या. तो पूल बांधणारा विद्यार्थी, भूमितीत नापास झालेला, सध्या परदेशात असतो, त्याला चिठ्ठी लिहिली होती. त्याने तिकडची चार दुकानं पालथी घातली आणि कुरिअरने पाठवलं. क्लचचं रबर. काल संध्याकाळी आलं. अजून तीन दिवस आहेत, बसवायला किती वेळ लागेल तुम्हाला, एक दिवस, दोन? बोलता बोलता पाय थकला म्हणून त्यांनी टेकायला हात बॉनेटवर ठेवला.

हात तिथेच राहिला. मग त्यांनी तळवा थोडा पुढे सरकवला, मग अजून थोडा.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

मी फडकं पिळत उभा राहिलो.

"कधीपासून चालते?"

"मार्चपासून."

त्या गणिताच्या बाई. मार्चपासून जूनपर्यंत किती आणि जूनपासून आजपर्यंत किती, हे त्यांना मोजावं लागलं नसणार. तरी त्यांचे ओठ हलले. मग त्या म्हणाल्या, "मार्चमध्ये मला काठी नव्हती."

मी स्टूल पुढे केलं, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. का, असं विचारलं. शाळेत विचारत असतील तसंच विचारलं, आवाज न चढवता, उत्तर मिळेपर्यंत न हलता. मी खरं ते सांगितलं. म्हणालो, गाडी झाली असती तर तुमचा फोन बंद झाला असता. मला दुसरा कोणाचाच येत नाही.

मला वाटलं काठी उगारतील, आणि उगारली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी ती भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाल्या, "दार उघडा."

ती गाडी फार बुटकी आहे. बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसण्यासारखं. मी त्यांना दोन्ही हातांनी धरून खाली सोडलं, डावा पाय उचलून आत घेतला. स्टिअरिंगवर हात ठेवल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली. आरसा त्यांनी स्वतःच्या उंचीला लावला. माझ्या हातच्या बटणांवरून बोट फिरवलं, किल्ली फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. मी समोरून बाजूला झालो. बाहेर रस्ता मोकळा होता, ऊन चांगलं पडलं होतं.

त्यांनी क्लच दाबला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. जुन्या गाडीचा क्लच जड असतो, त्याला डाव्या पायाचा पूर्ण जोर लागतो. गिअर टाकायला गेल्या तर आतून दात करकरल्याचा आवाज आला. त्यांनी पाय काढला, पुन्हा दाबला. पुन्हा तेवढ्यावरच. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा वरून दाबला. पेडल खाली गेलं, पण गिअर टाकायला हात उरला नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आपण काय केलंय ते मला तोपर्यंत डोक्याने कळलं होतं, आता डोळ्यांनी दिसलं.

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"मूर्ख आहेस तू," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एकेरी. "गाडी झाल्यावर तुला नसता का करता आला फोन? बोट मोडलं होतं तुझं?"

मी म्हणालो, मला तसं सुचलंच नाही. ते खरं होतं आणि त्याहून वाईट मला दुसरं काही सांगता आलं नसतं.

टॅक्सी निघून गेली होती. घरी सोड, त्या म्हणाल्या. मी त्यांना उठवून पलीकडच्या सीटवर बसवलं, बाटली काढून मागे टाकली आणि गाडी बाहेर काढली. गल्ली संपेपर्यंत त्या सरळ समोर बघत होत्या. मोठ्या रस्त्याला लागताना मी गिअर बदलायला हात नेला तर तिथे त्यांचा हात आधीच होता. मी माझा मागे घेतला. "दाब," त्या म्हणाल्या. मी क्लच दाबला, त्यांनी गिअर टाकला. इतका मऊ पडला की मला कळलासुद्धा नाही. मी सात महिने ती गाडी चालवत होतो आणि मला एकदाही तसा जमला नव्हता.

तसेच आम्ही गेलो. दाब, सोड, दाब, सोड. स्टिअरिंग माझ्याकडे, पाय माझे, गिअर त्यांचा. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, इंजिनच्या आवाजावरून त्यांना कळत होतं. नव्या टपाला अजून शिवणाऱ्याच्या दुकानाचा वास होता, पण तो उघडा होता आणि वारा लागत होता. फुटपाथवरचा एक माणूस थांबून गाडीकडे बघत हसला. त्याला दोन म्हातारी माणसं मजेत फिरायला निघालेली दिसली असणार.

त्यांच्या फाटकापाशी मी म्हणालो, लायसन्सचे अजून तीन दिवस आहेत, उद्या पुन्हा निघू. हेच असंच, मी दाबतो, तुम्ही टाका.

"नको," त्या म्हणाल्या. "मला ती चालवायची होती."

मी त्यांना उतरवलं. त्यांचं वजन काहीच नव्हतं. काठी माझ्याकडेच भिंतीला राहिली होती, म्हणून दारापर्यंत त्या माझा हात धरून गेल्या. तिथे हात सोडला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दुपारी मी काठी नेऊन दिली ती कामवालीने घेतली. रबराची डबी सीटवरच राहून गेली होती, तीही द्यावी की न द्यावी हे न समजून मी परत घेऊन आलो.

एकोणीस तारीख रविवारीच होती. साडेदहाला फोन वाजला नाही. वाढदिवसाचं निमित्त होतं, मी फोन करू शकलो असतो. केला नाही, भीती वाटली. पुढच्या रविवारीही वाजला नाही. शनिवारी सवयीने मी वही उघडून बसलो होतो आणि लिहायला एकही मुद्दा नव्हता. गाडी शटरच्या आत उभी होती, पूर्ण, चकचकीत, आणि तिच्या बाजूने आडवं होऊन जायचाही मला कंटाळा यायला लागला होता.

तिसऱ्या रविवारी साडेदहा वाजून गेल्यावर मी वहीच्या पहिल्या पानावरचा नंबर फिरवला. बराच वेळ रिंग होत राहिली. उठून, काठी घेऊन, फोनपर्यंत यायला किती वेळ लागत असेल याचा मी अंदाज करत बसलो. मग फोन उचलला गेला.

"कोण?"

"मी बोलतोय. दातवाला."

त्यांनी फोन ठेवला नाही. मला वाटलं होतं माफी मागू, वाक्य तयार करून ठेवलं होतं, पण ते जमेना. गाडीबद्दल तर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी विचारलं, "गुडघा कसा आहे तुमचा?"

"जूनमध्ये विचारायचं होतंस," बाई म्हणाल्या. मला पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्या बसल्या असाव्यात. "दुखतो," त्या म्हणाल्या, "सकाळी जास्त."